भूगोलाच्या बाईंचा शेवटचा अंक

या मुंबईत दिशा कळणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे आमच्या भूगोलाच्या बाई. बाकी आपण सगळे गर्दी ढकलेल तिकडे जातो. बाईंनी आयुष्यात कुणाला 'डावीकडे' किंवा 'उजवीकडे' असं सांगितल्याचं मला आठवत नाही. वर्गात त्या "ईशान्य कोपऱ्यातला, उभा राहा" म्हणायच्या आणि आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसायचो. विक्रोळीतल्या रिक्षावाल्यांना त्या "पुढच्या नाक्यावर आग्नेयेला घ्या" असं बिनदिक्कत सांगायच्या. एका नव्या रिक्षावाल्याने बराच विचार करून विचारलं, "मॅडम, वो नया टावर है क्या?" बाईंनी रिक्षा थांबवायला लावली, सूर्याकडे बोट दाखवलं आणि भर रस्त्यात त्याचा पहिला धडा घेतला. रागावायच्या तेही भूगोलातच. माझी वही म्हणजे अवर्षणग्रस्त प्रदेश, शेजारणीची बडबड म्हणजे बारमाही नदी, आणि आठवी ब हा अख्खा वर्ग भूकंपाच्या पट्ट्यात.

पुढे त्याच शाळेत मी मराठी शिकवायला लागले आणि बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला वार्षिक अंकाच्या कामाला जुंपलं. अंक त्या वर्षानुवर्षं एकहाती काढत होत्या. दरवर्षी अंकाला एक विषय असायचा आणि तो निवडायची त्यांची ठरलेली पद्धत होती. सुचलेला विषय कागदावर लिहायचा आणि तीन माणसांसमोर ठेवायचा: शाळेचे शिपाईमामा, फाटकाबाहेर बोरं-कैऱ्या विकणारी मावशी आणि पाचवीच्या शेवटच्या बाकावरचं मूल. तिघांपैकी कुणीही गोंधळलं की कागद फाडायचा. "ज्या विषयावर नापास पोराला काही सांगता येत नाही, तो हुशार पोरांनाही देऊ नये," असं त्यांचं म्हणणं. मी कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटणाऱ्या बापाची मुलगी. या एका वाक्यावर मी त्यांची आजन्म कार्यकर्ती झाले.

ते बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. जूनच्या बैठकीतच त्यांनी जाहीर करून टाकलं की यंदाच्या अंकात शाळेतलं प्रत्येक मूल असेल, एकही सुटणार नाही. "तेवढं झालं की मी घरी जायला मोकळी," बाई म्हणाल्या. आजवर अंकात त्याच पंचवीस-तीस हुशार मुलांचे फोटो यायचे आणि त्यांच्याच कविता, याचं त्यांना आतून फार लागलेलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना मात्र गुळगुळीत कागदावर 'गगनभरारी' हवी होती: मुखपृष्ठावर गरुड, आत गुणवंतांचे रंगीत फोटो. अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त गरुड फार आवडायचा. बाईंनी नियमाप्रमाणे 'गगनभरारी' मामांकडे नेली. मामा म्हणाले, "सहल इमानतळावर हाय काय?" कागद फाटला. मग मी माझा विषय पुढे केला, 'संघर्ष हाच श्वास!' मावशीने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि मोर्चा कधी आहे ते विचारलं, म्हणजे त्या दिवशी टोपली आणायला नको. बाईंनी तोही फाडला, उद्गारचिन्हासकट. "गर्जेल तो पडेल काय गं," एवढंच म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

विषय सापडला तो आठवी ब मध्ये. उशिरा येणाऱ्याला बाई शिक्षा करत नसत; घरून शाळेत येण्याचा रस्ता फळ्यावर काढायला लावत. वस्तीतली एक मुलगी रोज उशिरा यायची. त्या दिवशी तिने चाळ काढली, नळ काढला, नळावरची रांग, एक कुत्रा, कारखान्याची लांबच लांब भिंत, हायवेच्या कडेचा रस्ता आणि फळ्याच्या पार टोकाला काडेपेटीएवढी शाळा. उत्तरेचा बाण नाही, प्रमाण नाही, आणि कुत्रा कारखान्यापेक्षा मोठा. वर्ग खिदळला. एरवी बाईंनी दोन गुण कापले असते. त्या दिवशी फळ्यापाशी जाऊन त्यांनी कुत्र्यावर बोट ठेवलं.

"तिला तो तेवढाच मोठा दिसतो," त्या म्हणाल्या. "प्रमाण बरोबर आहे."

'घर ते शाळा' हा विषय ऐकल्यावर मामा तिथल्या तिथे आपली वाट सांगत सुटले, मावशी टोपली कुठून कशी आणते ते सांगू लागली, आणि पाचवीच्या पोराने पेन्सिल मागितली. मग नकाशांचा पूर आला. कुणी गणपतीचा मांडव काढला, कुणी आजोबा बसतात तो कट्टा, कुणी नुसती एक फुली मारून 'इथे मी पडलो' असं लिहिलं. खाडीकडची पोरं पानभर तिवरांची झाडं काढून शाळा काढायला विसरली. ज्याचा नकाशा आला नाही त्याच्या दारात संध्याकाळी बाई स्वतः उभ्या.

अध्यक्ष हे सगळं थांबवायलाच आले होते. सभागृहाच्या जमिनीवर सहाशे नकाशे पसरलेले. अंक म्हणजे शाळेची प्रतिष्ठा असते वगैरे बोलत ते चार पावलं चालले आणि वाकले. वस्तीतल्या मुलांच्या प्रत्येक नकाशात शाळेच्या मागे एक फाटक होतं आणि त्यावर शाळेएवढं कुलूप.

"हे कसलं कुलूप?" त्यांनी विचारलं.

"आपलंच हाय साहेब," मामा म्हणाले. "मागच्या गेटचं. किल्ली तुमच्या कपाटात आसते."

मधल्या सुट्टीत मुलं पळतात म्हणून ते कधीकाळी लावलं होतं. पळणाऱ्या मुलांची मुलं शाळेत आली तरी कुलूप तसंच, आणि शाळेला पाठीमागून लागलेल्या वस्तीतली दोन मिनिटांची वाट हायवेवरून वळसा घालून अर्ध्या तासाची झालेली. माझ्या तोंडात अख्खं पत्रक तयार होतं. बाईंनी माझा हात दाबला आणि अध्यक्षांपुढे कागद-पेन्सिल धरली. "तुम्हीपण काढा ना. अंकात सगळेच आहेत."

अध्यक्षांनी घर काढलं, गाडी काढली, शाळेचं पुढचं फाटक काढलं आणि एक सरळ रेघ ओढली. तो कागद त्यांनी कुलूपवाल्या एका नकाशाशेजारी ठेवला. मग म्हणाले, "गरुड राहू द्या बाजूला. हेच छापा."

सोमवारी मामांनी कुलपात तेल घातलं आणि मागचं फाटक उघडलं. आठवी ब ची ती मुलगी घंटेच्या आधी वर्गात आली आणि आता काय करायचं ते न कळून फळ्यापाशीच उभी राहिली. मी एकटीने विजयी मोर्चा काढला, मागच्या फाटकातून आत आणि पुढच्या फाटकातून बाहेर. अंक आला त्या दिवशी शाळेत एकही तास झाला नाही. प्रत्येक मूल आपलं पान शोधत होतं आणि प्रत्येकाला ते सापडत होतं.

बाईंचा निरोपसमारंभ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की अंकात एक नकाशा नाही. मी धावत जाऊन सांगितलं, बाई, तुमचाच राहिला. त्या हसल्या. "मी कधी उशिरा आले होते का गं?"

त्या रात्री माझ्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी त्यांची वाट काढायला बसले. शाळेपासून उलटी सुरुवात केली. जिना, पटांगण, फाटक, हायवेवरचा बसस्टॉप. तिथवर मी रोज त्यांच्याबरोबर गप्पा मारत चालत जायचे. तिथे पेन्सिल थांबली. सहाशे मुलांची घरं मला ठाऊक झाली होती. बाई त्या स्टॉपवरून कुठली बस पकडतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.