लाल दिव्यावर कागद चिकटवणाऱ्यांसाठी

या गौरवग्रंथासाठी आमच्या प्रसूतिगृहाच्या समितीने मला ‘आबांची शांत वृत्ती’ हा विषय दिला आणि त्याच आठवड्यात आवारातील त्यांच्या कामाच्या खोलीला कुलूप ठोकले. म्हणून मी लिहीत आहे. विषय मात्र मी बदलला आहे. आमचे मोटार-मिस्त्री सुकदेवआबा शांत नाहीत, कधीच नव्हते.

त्यांची पहिली भेट अमळनेरच्या रस्त्यावर झाली. अडलेली बाळंतीण घेऊन मी धुळ्याकडे निघाले होते. प्रसूतिगृहाची मोटार दान मिळालेली, जुनी. ती भर दुपारी मधेच बंद पडली. मागून कपाशीची लॉरी आली. तिच्यातून आबा उतरले, त्यांनी आमच्या मोटारीत डोके घातले आणि ओरडले, “हाऊ लाल दिवा कोनी झाका रे?”

डायनामो वीज देईनासा झाला की चालकासमोरचा तो दिवा पेटून राहतो. गाडी चालवणारे आमचे ड्रायव्हर शंकर यांनी त्यावर कागद चिकटवला होता. दिवा कोणालाच दिसला नाही, बॅटरी रिकामी होत गेली. आबांनी डायनामो उघडला. आत तेल-शेंदूर! दसऱ्याला शंकररावांनी मोटारीचा ‘जीव’ म्हणून डायनामोचीच पूजा बांधली होती.

“तेल मारुतीले लाव, डायनामोले नही!” मग माझ्याकडे वळून, “अक्का, ताप उना म्हनीसन तुम्ही थर्मामीटर फोडतस का?”

मी म्हटले, “आधी गाडी चालू करा, मग शिकवा.”

“आते कशी डॉक्टर शोभनी!” असे म्हणून त्यांनी डायनामो पुसून काढला, आपल्या लॉरीची बॅटरी आम्हांला जोडून दिली आणि स्वतः रस्त्यात बसून राहिले. बाळंतीण वेळेत पोचली.

शंकररावांना मी काढून टाकणार होते. आबांनी अडवले. “काढशात तर तो दुसरानी गाडी बुडाई. मनाकडे धाडा.” पुढे आमची मोटार सांभाळायला आबा आमच्याकडेच आले. आवारातल्या त्या खोलीत त्यांनी शंकररावांना शिकवले, त्यांच्यामागून रावेरपर्यंतच्या कितीतरी लॉरीवाल्यांना शिकवले. शिव्या सर्वांना सारख्या. दसऱ्याला ते हातात फडके घेऊन मोटारीशी उभे राहत. फूल बॉनेटवर, त्यापुढे हात गेला की फटका.

आता ज्यामुळे हा सत्कार निघाला ते सांगते. समितीच्या अध्यक्षांच्या घरचे लग्न होते. वरातीसाठी आमची मोटार हवी होती. दिवा पेटलेला होता. आबांनी किल्ली खिशात घातली. अध्यक्षांचे बंधू म्हणाले, “अहो, एक दिवा तो काय! काढून टाका.” आबा म्हणाले, “तुम्हना डोया बी काढी टाकू का?” नवरदेव टांग्यातून गेले. त्यानंतर अचानक मंडळींना आबांची साठी आठवली, त्यांचे उपकार आठवले, आणि त्यांना विश्रांतीची किती गरज आहे हेही आठवले. त्यांच्या खोलीत सत्काराच्या मांडवाचे बांबू भरले गेले. मोटार अध्यक्षांच्या भाच्याकडे सोपवायचे ठरले. मला कोणी विचारले नाही.

कुलूप पाहून आबा माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत प्रथमच ते हळू बोलले. “अक्का, हाऊ मना सत्कार शे का तेरावं?”

समितीच्या सभासदांनो, आबांच्या अंगावर शाल जरूर घाला. पण खोटे न बोलणाऱ्या माणसाला गप्प बसवण्यासाठी शाल वापरणे ही नीच गोष्ट आहे, आणि ती मी चालू देणार नाही. उद्या रस्त्यात अडकणारी बाई तुमच्या घरचीही असू शकेल.

सुकदेवआबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. डोळे, कान आणि आवाज असेच खणखणीत राहोत. विश्रांती मात्र मी त्यांच्यासाठी इच्छित नाही, त्यांनाही ती नको आहे.

नोंद : आज सकाळी समितीच्या दोन सभासदांसमक्ष मी खोलीतले बांबू बाहेर काढवले. मग सुकदेवआबांच्या स्वाधीन केल्या त्या वस्तू अशा : खोलीची किल्ली, मोटारीची किल्ली, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटल्यावर मोटार आवाराबाहेर जाणार नाही, असा प्रसूतिगृहाची प्रमुख म्हणून माझ्या सहीचा हुकूम. आबांनी तिन्ही वस्तू घेतल्या. आभार मानले नाहीत. बॉनेट उघडले.