फक्त दाखल्यासाठी

म्हसावदच्या बाजारातला तो झेरॉक्सवाला मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं. ओळखचोरीविरुद्धची आमच्या संस्थेची पत्रकं त्याच्या दुकानात ठेवायला मी गेले होते.

पुढे डोंगरातून उतरलेली एक बाई उभी होती. तिच्या आधारच्या प्रतीवर कुणीतरी सिमकार्ड काढून लोकांना फसवलं होतं आणि पोलीस तिच्या पाड्यावर येऊन गेले होते. आता मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी पुन्हा प्रत द्यायची होती. कागदांची पिशवी तिने घट्ट धरली होती.

"पिशवी तुन्हाजोडे ठेव, मावशी. एकच कागद दे."

प्रतीवर त्याने दोन तिरप्या रेघा ओढल्या, मधे लिहिलं, 'फक्त जातीच्या दाखल्यासाठी', आणि तिला दोनदा वाचून दाखवलं.

बाहेर बसलेला, दाखले काढून देणारा एजंट कुरकुरला, "कोरी दिली तर काय बिघडतं?"

"तुन्हं काय बिघडस, भाऊ? बिघडस ते तिन्हं."

मग त्याने माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं शे. पन जिले हाई वाचता येस, तिन्हं नाव कोन चोरस, ताई?"

मला राग आला, पत्रकं तिथेच ठेवून मी निघाले. काही दिवसांनी उत्तर सुचलं, पत्रकावर शब्दांऐवजी त्याच्या त्या दोन रेघाच छापायच्या; ते सांगायला मी पुन्हा गेले, तर दुकानाला कुलूप होतं. तो सुरतेकडे गेला, एवढंच शेजारी म्हणाले.

आजही एजंटाच्या हातात कोऱ्या प्रतींचा गठ्ठा दिसला की त्याची फार आठवण येते. वरच्या प्रतीवरच्या फोटोतून एखादी बाई माझ्याकडे बघत असते. आपण कुणाच्या हातात आहोत, हे तिला ठाऊक नसतं.