तिच्या हातचं पाणी

मला मदत केली ती आमच्या वॉर्डातल्या मालवणी ताईनं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी तिच्यावर किती जळायचे तेच जास्त येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायचं, ही बाई उपकार विसरली. विसरले नाही. रोज आठवतात, म्हणूनच तर जळजळ जात नाही.

मी बोरिवलीच्या एका खाजगी हॉस्पिटलात आया आहे. माझं गाव वाशीमकडचं. नववीत शाळा सुटली, मग लग्न झालं, आणि नवऱ्याला दिंडोशीला एका बिल्डिंगीत वॉचमनचं काम मिळालं तेव्हा त्याच्यामागं इकडं आले. हॉस्पिटलात घेतलं ते कंत्राटदाराच्या माणसामार्फत. त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, सध्या तू कच्च्यात आहेस, पेशंटची तक्रार आली नाही तर पुढं पक्की करतील, आली तर दुसऱ्या दिवसापासून यायचं नाही. त्यामुळं कुणी नुसती हाक मारली तरी मी हातातलं काम टाकून धावायचे. इन्चार्ज सिस्टर माझ्या दिशेनं चालत आली की मला वाटायचं, झालं, आली तक्रार.

ताई पक्की होती, जुनी होती. देवगडकडची, राहायला दहिसरला. काम शिकवलं मला तिनंच. ऑपरेशन झालेल्या पेशंटला कुशीवर वळवणं हे एकटीचं काम नाही. पेशंटच्या खाली एक आडवी चादर घातलेली असते, एकीनं अलीकडून धरायची, दुसरीनं पलीकडून, आणि दोघींनी एका दमात ओढायची. दम चुकला की पेशंट कळवळतो. पहिले काही दिवस माझा दम चुकायचा. ताई ओरडली नाही. चादरीच्या पलीकडून नुसती भुवई उचलायची, आणि मला कळायचं की आता. माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की बाकीच्या बाया हसायच्या, ती हसायची नाही. म्हणायची, तू ‘मले’ म्हण, मी ‘माका’ म्हणते, पेशंट दोघींकडंही भांडंच मागतो.

तर अशी ती. आणि तरी मी जळायचे, कारण तिला सगळं न मागता मिळायचं. वॉर्डात पाऊल टाकलं की चार खाटांवरून हाका. कुणी तिला मुलीच्या लग्नाचे फोटो दाखवणार, कुणी घरून आलेला लाडू तिच्या हातावर ठेवणार. मी त्याच वॉर्डात, त्याच रंगाच्या साडीत, तेच काम करत होते. मला कुणी फोटो दाखवला नाही.

मग त्या आजी आल्या. खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या, ऑपरेशन झालं होतं. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर लालबागची खोली विकून मुलानं बोरिवलीला फ्लॅट घेतला, हे सगळं त्यांनी पहिल्याच सकाळी ताईला सांगितलं. दोघींची गावं एकाच तालुक्यातली निघाली. मग काय, ‘गो बाय, खंय होतंस’, ‘गो बाय, जेवलंस काय’, दिवसभर तेच. सून डब्यातून माशाचं कालवण आणायची, त्यातली एक वाटी ताईसाठी वेगळी. ताई ती वाटी आमच्या खोलीत आणून अर्धी माझ्या पुढ्यात ठेवायची. कालवण चांगलं असायचं. मी खायचे आणि प्रत्येक घासाला मनात यायचं, हे माझ्यासाठी नव्हतं आलेलं.

दुसऱ्या दिवशी मी आजींचं तोंड पुसत होते. त्यांनी विचारलं, “घाटावरची काय गो तू?” मी म्हटलं, त्याच्याही पलीकडची, वाशीमकडची. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध, आणि आमचं आडनाव असं आहे की पुढं काही विचारावं लागत नाही. आजींनी “बरं” म्हटलं आणि मान पलीकडं वळवली. मी गोळीसाठी पाणी पुढं केलं तर म्हणाल्या, “तू राहू दे गं. तिला येऊ दे.”

आवाज चढवला नाही, वाकडं बोलल्या नाहीत. म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या कामाची वाटणीच झाली. लघवीचं भांडं मी लावलेलं त्यांना चालायचं. कपडे मी बदललेले चालायचे. चादरीची पलीकडची बाजू मी धरलेली चालायची, मधे चादर होती ना. पाणी, चहा, डब्यातला भात आणि केस विंचरणं मात्र ताईनं. घरून आणलेलं स्टीलचं एक फुलपात्र त्यांच्या उशाशी असायचं, त्याला मी हात लावला की त्यांचे डोळे तिथंच खिळायचे.

ताईला हे कळलं नव्हतं. तिला वाटायचं, गाववाली म्हणून म्हातारी आपल्याला चिकटली. ती त्यावर खूशही होती. कामातून उसंत काढून आजींची वेणी घालायची, आणि आजी डोळे मिटून गावातल्या कुठल्या तरी विहिरीच्या गोष्टी सांगायच्या. मी भांडं धुऊन परत यायचे तेव्हा हे चित्र समोर असायचं. भांड्याचं मला काही वाटत नव्हतं, ते काम आहे, मी कुणाचंही करते. वेणीसाठी जीव तुटायचा. माझ्या आईची वेणी मी घालायचे. ती तिकडं, मी इकडं, आणि इथं हाताशी एक म्हातारी होती तिच्या केसांना हात लावायचा हक्क ताईला जन्मानंच मिळालेला. आडनाव सांगताना तिला कधी अडखळावं लागलं नसेल. विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघत थांबावं लागलं नसेल. याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा, लाडवांचा आणि कालवणाचा नंतर.

मी तिला सांगितलं नाही, कारण काय सांगणार? सांगितलं असतं तर ती बोलली असती, बोलली असती तर तक्रार झाली असती, आणि तक्रारीत कच्च्यातली बाई जाते. नवऱ्यालाही बोलले नाही. तो म्हणाला असता, सोड, दुसरीकडं बघू. दुसरीकडं म्हणजे कुठं?

एक दिवस दुपारी ताई जेवायला गेली होती. व्यायाम करून घेणारी मुलगी आजींना पहिल्यांदा वॉकर धरून उभं करून गेली. आजी घामाघूम झाल्या होत्या, ओठ वाळले होते. “पाणी” म्हणाल्या. मी फुलपात्र भरून पुढं केलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराकडं. म्हणाल्या, “ती येईल आता.” मी म्हटलं, आजी, तिला वेळ लागेल, प्या ना घोटभर. त्यांनी ओठ मिटून घेतले. मी फुलपात्र हातात धरून तशीच उभी. ठेवावं तर हरल्यासारखं, धरून ठेवावं तर भीक मागितल्यासारखं.

ताई आली तेव्हा मी अशी उभी होते. तिनं विचारलं, काय झालं, आजी पाणी घेत नाहीत? आजीच बोलल्या, अगदी मोकळेपणानं, जसं काही दोघी मिळून हे रोज करत आल्या होत्या. म्हणाल्या, “तुझीच वाट बघत होते गो. हिच्या हातचं कसं घेणार? तुका म्हायत आसा ना.”

ताईनं आधी आजींकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती मला विचारेल की तू आधी का नाही सांगितलंस. तिनं माझ्या हातातून फुलपात्र घेतलं. आजींनी हात पुढं केला. आणि ताईनं ते सरळ स्वतःच्या तोंडाला लावलं. वरून नाही, तोंड लावून, आजींच्या डोळ्यांदेखत घटाघटा सगळं प्याली. रिकामं फुलपात्र खाली ठेवून म्हणाली, “आता माझोपण हात बाटलो, आजी. आता काय करतल्यात?”

शेजारच्या खाटेवरची बाई हातातलं सफरचंद चिरायची थांबली. आजींचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी भिंतीकडं मान वळवली ती मुलगा येईपर्यंत.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी मुलगा आला, त्यानं पाणी पाजलं, आणि आजींनी तक्रार केली. जातीचं एक अक्षर नाही. फक्त एवढंच की ही बाई पेशंटच्या भांड्याला तोंड लावून पाणी प्यायली, उष्टं केलं. मुलगा शिकलेला, मोठ्या कंपनीतला. तो इन्चार्ज सिस्टरला इन्फेक्शनबद्दल बोलला, आणि त्याचं चूक होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. पेशंटच्या भांड्याला आम्ही तोंड लावायचं नसतं, हा पहिला नियम. ताईनंच मला तो शिकवला होता.

सिस्टरनं आम्हा दोघींना बोलावलं. ताईला विचारलं, असं का केलंस? ताई म्हणाली, “माका तहान लागली. पियालंय.” मी म्हणाले, सिस्टर, तसं नाही, ते माझ्यामुळं, आणि तेवढ्यात टेबलाखालून ताईचा पाय माझ्या पायावर आला, चांगला जोरात. “तू मधे बोलू नको गो,” ती म्हणाली. “तुझा काय संबंध?”

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. तिनं मला जिन्यात नेलं. म्हणाली, तुझं नाव यात आलं असतं तर काय लिहिलं असतं? दोन आयांचं भांडण. मग कोण गेली असती? मी पक्की आहे, मला घालवता येत नाही, फार तर हलवतील. आणि वर हसून, “रडतंस काय येड्यासारखा, पाणी गार होता.”

दुसऱ्या दिवशी मी एकटी सिस्टरकडं गेले आणि सगळं सांगितलं, आडनावापासून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “मला कळत नाही असं वाटतं तुला? पण वर काय सांगू? तोंड तर लावलंच ना तिनं.” ताईला खाली तळघरात कपड्यांच्या खोलीत पाठवलं. तिथं धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, वर पाठवायच्या. पेशंट नाहीत.

आजींना पाणी मग मीच दिलं. दुसरं कुणी नव्हतं. सकाळची गोळी होती, सून यायला वेळ होता. मी फुलपात्र पुढं केलं, त्या डोळे मिटून प्यायल्या. कडू औषध पितात तसं. पुढच्या दिवसांत डोळे उघडे ठेवायला लागल्या, पण माझ्याशी बोलल्या त्या कामापुरतंच. वेणी शेवटपर्यंत सुनेची वाट बघत राहिली.

घरी सोडलं त्या दिवशी व्हीलचेअरवर बसल्यावर त्यांनी माझा हात धरला. पहिल्यांदाच. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. म्हणाल्या, “तिला सांग, म्हातारीनं माफ कर म्हटलंय. तिचं मन दुखवलं मी.” मी म्हटलं, सांगते. लिफ्टचं दार बंद झालं. म्हणजे माफीसुद्धा तिलाच. हात माझा धरला, माफी तिला पाठवली, आणि पोचवणारी मी.

मी खाली जाऊन निरोप दिला. ताई चादरीची घडी घालत होती, तशीच घालत राहिली. म्हणाली, “आणि तुका काय म्हणाली?” मी म्हटलं, काही नाही. तिनं माझ्या हातात चादरीची दोन टोकं दिली आणि आम्ही ती घडी दोघींनी घातली.

मला पक्कं करून आता बरेच दिवस झाले. गावाकडं फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्या बाईचे पाय धर. मी अजून जळते, हे आईला सांगितलं नाही. तळघरातसुद्धा महिन्याभरात कपडे वाहणारी सगळी पोरं ताईला ‘बाय’ म्हणायला लागली, तिच्यासाठी चहा राखून ठेवतात. शूर व्हायची वेळ आली तेव्हा तेही तिलाच जमलं. मी फुलपात्र आपटलं असतं तर नोकरी गेली असती, आणि वर लोक म्हणाले असते, ही लोकं अशीच. तिनं पाणी प्यायलं तर आमच्या वॉर्डातल्या बाया अजून कौतुकानं सांगतात. तिचा राग तिला परवडला, असं मनात येतं, आणि लगेच स्वतःलाच मी गप्प करते, कारण त्याची किंमत तीच मोजते आहे. चादरी घेऊन ती कधी कधी वर येते. पोरांकडून पाठवता येतात, तरी स्वतः येते. वॉर्डाच्या दारात थोडी रेंगाळते, खाटांकडं बघते. कुणी ओळखीचं नसतं. मग लिफ्टनं परत खाली जाते. विचारलं तर म्हणते, “बरा आसा गो खाली, कटकट नाय.”

खोटं बोलते. आता मी इथं जुनी होत चालले आहे, नव्या मुलींना चादर धरायला मीच शिकवते, आणि कुणाला कुठल्या कामाला लावायचं ते ठरवताना सिस्टर मला विचारायला लागली आहे. आज ताईला परत वॉर्डात मागितलं तर सिस्टर नाही म्हणेल, मला ठाऊक आहे. पण मी विचारत राहणार आहे, वर्ष लागो, दोन लागोत. ताई, तुला मी परत वर आणीन. तू आलीस की सगळ्या खाटा पुन्हा तुलाच हाका मारतील, आणि मी पुन्हा भांडं हातात घेऊन दारात उभी राहून जळेन. तरी आणीन.