टाचेवर वितळलेलं मुठेल
आज डब्याचं झाकण काढलं आणि मुठेलाचा तो मंद, तुपकट वास आला. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, मुठीत वळून थिजवलेलं. आमच्या रत्नागिरीकडे भेगाळलेल्या टाचांना दुसरं औषध कुणी विचारत नाही. खूप वर्षांपूर्वी एकदा बारावीला रसायनशास्त्र शिकवून माझा घसा बसला होता. रेणू एकमेकांना जितके घट्ट धरून ठेवतात, तितकी पदार्थ वितळायला जास्त उष्णता लागते, हेच प्रत्येक तुकडीत नव्याने सांगून घरी आले, तर आई पडवीत पाय पसरून बसलेली, कोकमं फोडून हात लालभडक झालेले. तिच्या टाचांना लावायला मी डबा घेतला. मुठेल काही खोबरेल नव्हे, हाताच्या उबेला ते दाद देत नाही. आधी चुलीशी धरावं लागतं. पण मला उठायचाही कंटाळा आला होता, म्हणून गोळा तसाच थंड तिच्या टाचेवर टेकवला, तर तो वितळून माझ्या बोटांवरून ओघळायला लागला. “आई, तुला ताप आहे!” “काय नाय गो, जरा दमलंय,” ती डोळे मिटूनच म्हणाली, “तू पण दमून आलीस, तुला कशाला सांगू?” आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात कुणी नुसतं ‘दमलोय’ म्हणालं, तरी मी मुठेल गरम न करता आधी थंडच त्याच्या टाचेला टेकवून बघते.