वजनाला न चालणारा स्कोन

डहाणूच्या बाजारात कांद्याची पात विकणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचीच पात आणि भरपूर चीज घालून मी घरी पहिल्यांदा स्कोन, म्हणजे इंग्रजी पद्धतीचे छोटे खुसखुशीत पाव, भाजले आणि एक त्यांना नेऊन दिला. तो दातांनी तुटेना. त्यांनी सरळ तराजूच्या एका पारड्यात वजन म्हणून ठेवला, दुसऱ्यात मिरच्या टाकल्या आणि खदाखदा हसल्या.

"भाकरीसारखं मळलंस ना? मी पारशीणबाईंकडे कामाला असताना करायची हे. याचं पीठ हलक्या हातानं नुसतं गोळा करायचं, बाय."

जन्मभर पीठ रगडलेल्या माझ्या हातांना तेच जमत नव्हतं. पुढच्या रविवारी जीव मुठीत धरून गरम स्कोन नेला. त्यांनी डोळे मिटून सगळा खाल्ला, पदराला हात पुसले आणि तराजूकडे बघून म्हणाल्या, "हा काय वजनाला चालायचा नाय."