खाकरून आत येणारे सर

प्रा. किशनराव खंदारे सरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, हे आधीच सांगून टाकतो. या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी संपादकांनी सौजन्यपूर्ण आठवणी मागवल्या आहेत. ही आठवण सौजन्याचीच आहे, फक्त सौजन्य सगळं सरांच्या बाजूचं होतं.

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या महाविद्यालयात मी गणिताचा अधिव्याख्याता म्हणून नुकताच रुजू झालो होतो. कनेरगाव नाक्याकडचा माणूस, अंगात रग, आणि कॉपीचा भयंकर तिटकारा. पहिल्याच घटक चाचणीला माझ्याकडे पर्यवेक्षण आलं. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मी मुद्दाम रबरी चपला घालून गेलो. मागच्या बाकावरचं एक पोरगं मांडीवर चिठ्ठी ठेवून उतरवत होतं. मी दबकत दबकत त्याच्या पाठीशी पोचणार, एवढ्यात दाराशी कुणीतरी जोरात खाकरलं. चिठ्ठी गडप झाली, पोरगं ताठ बसलं, वर्गभर कागद सळसळले, आणि आमचे विभागप्रमुख शांतपणे आत आले. हेच खंदारे सर.

चाचणी संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. "सर, तुम्ही खाकरलात काहून? रंगेहाथ सापडत होता की तो!"

"घुगे," सर म्हणाले, "तुमच्या घरी वडीलधारी माणसं आत येताना खाकरत न्हाईत का?"

खाकरतात. आमच्या भागात घरोघरी ही रीत होती. सासरा असो, थोरला दीर असो, ओसरीवरून खाकरणार, जरा थांबणार आणि मगच उंबरा ओलांडणार. तेवढ्यात आतल्या लेकीसुनांनी पदर सावरावा, आडवं पडलेल्याने उठून बसावं.

"माणसाला सावरायला जरा वेळ द्यावा," सर म्हणाले. "सावरायच्या आत त्याला पाहून आपल्याला काय मिळतं?"

"अहो पण मग कॉपी बंद कशी होणार?"

"आजवर समद्यांनी इतकी पकडली, बंद झाली का?"

मला ते मुळीच पटलं नाही आणि तसं मी तोंडावर सांगितलं. विभागप्रमुखाला पहिल्या आठवड्यात असं बोलणारा मीच. सर म्हणाले, "पटायची घाई न्हाई. चला, चहा घेऊ." चहासोबत त्यांनी माझी राहायची सोय झाली का तेही विचारलं, आणि संध्याकाळी स्वतः स्कूटरवर बसवून मला खोली दाखवायला नेलं.

सर मूळचे कुरुंद्याचे. एका कष्टकरी बौद्ध कुटुंबात जन्मले, आईवडील दुसऱ्याच्या हळदीच्या शेतात मजुरीला जायचे, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेले पहिले तेच. पण हे ते भाषणात कधी वापरत नसत. त्यांचा जीव शिकवण्यात. फळ्यावर गणित सोडवताना मधेच मुद्दाम चुकत आणि वर्ग ती चूक धरेपर्यंत पुढे सरकत नसत. "उत्तर कुनीबी देतंय, पायऱ्या दाखवा," हे त्यांचं पालुपद. बरोबर उत्तर लिहून पायऱ्या गाळणाऱ्याला ते गुण देत नसत, मग पोरांनी कितीही रडारड करो.

पुढे आमच्या प्राचार्यांनी कुठल्याशा कार्यशाळेतून प्रामाणिकपणाची छापील शपथ आणली. सगळ्या वर्गांकडून सह्या घ्यायच्या, म्हणजे कॉपी थांबेल. सह्या झाल्या, चाचणी झाली, आणि कॉपी होती तेवढीच झाली. मला तर आनंदच झाला. "सर, सह्या काय, दारूबंदीच्या ठरावावरही होतात!"

सर हसले नाहीत. "बराबर आहे तुमचं. शब्द आपला होता, लेकरांचा नव्हता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंतिम वर्षाच्या वर्गाला सांगितलं की नियम तुम्हीच करा. तुमचा शब्द मिळाला तर आमच्या विषयाच्या चाचणीला वर्गात कुणी पर्यवेक्षक राहणार नाही, मीही नाही आणि घुगे सरही नाहीत. मी खुर्चीत चुळबुळलो. पोरांनी मात्र भराभरा नियम सुचवले. गाडी अडली ती एकाच ठिकाणी, कुणी कॉपी करताना दिसला तर काय करायचं? कुणीतरी म्हणालं, सरांना नाव सांगायचं. मग कविता राठोड उठली. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरची ही मुलगी वसतिगृहात राहत होती, एरवी तोंड उघडत नसे.

"सर, हे आमच्याच्यानं होनार न्हाई. जिच्या डब्यातली भाजी रोज खाते, तिचं नाव घेऊन तुमच्या दारात येऊ का? आमच्या तांड्यावर चोराला कमी आन् चुगलखोराला जास्त शिव्या बसतात."

"मंग काय करतीस?"

"तुमी करता तेच. खाकरीन."

वर्गात हशा पिकला. एक पोरगं ओरडलं, "अगं, बाया कुठं खाकरून राहिल्या!" त्यावर कविताने त्याच्याकडे वळून असं काही खणखणीत खाकरून दाखवलं की ते पोरगं बाकावर मटकन बसलं. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं : दिसलं तर खाकरायचं, नाव घ्यायचं नाही, आणि ज्याच्यासाठी खाकरलं त्याने स्वतःहून सावरायचं.

पहिली चाचणी म्हणजे नुसता धुमाकूळ. मी व्हरांड्यात कान लावून उभा होतो. पोरं गंमत म्हणून खाकरत होती, वर्गाचा क्षयरोग्यांचा वॉर्ड झाला होता. स्टाफरूममध्ये आमच्या विभागाला खोकला विभाग म्हणू लागले. सर ऐकून घेत. तिसऱ्या-चौथ्या चाचणीपासून गंमत ओसरली. मग एखादंच खाकरणं ऐकू यायचं, हळू, आणि नंतर बराच वेळ शांतता. एकदा एक मुलगा पेपर हातात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "सर, माझ्यासाठी खाकरले. मला परत बसू द्या." सरांनी त्याला दुसऱ्या दिवशी दुसरा पेपर काढून दिला आणि कारण कधी विचारलं नाही. माझ्याकडे कधी कुणी असा आपणहून आला नव्हता, हे मी इथे कबूल करतो.

आता जे सांगतो ते सरांच्या अटीवरून. "हे लिहिनार असाल तरच माझ्यावर लिहा," असं त्यांनी मला बजावलं आहे.

त्या वर्षी सरांचा एकुलता एक मुलगा मिलिंद आमच्याच विभागात शेवटच्या वर्षाला होता. बँकेची लेखी परीक्षा तो उत्तम पास झाला होता, मुलाखतीचं बोलावणंही आलं होतं. हवी होती फक्त पदवी. अंतर्गत गुणांत नापास झाला तर विषय अडकणार, निकाल अडकणार आणि नोकरी हातची जाणार. मिलिंदचे पेपर नेहमी मी तपासायचो, ते सरांनीच घालून दिलेलं. पण शेवटच्या चाचणीच्या वेळी माझे वडील अचानक आजारी पडले. त्यांना घेऊन मी नांदेडच्या दवाखान्यात होतो. सरांनी मी न सांगताच माझे तास घेतले आणि माझा गठ्ठाही तपासायला घरी नेला.

संध्याकाळी खाटेवर बसून सर पेपर तपासत होते. मिलिंदचा पेपर आला. बेरीज केली तर दोन गुण कमी. शेवटच्या गणिताचं उत्तर बरोबर होतं, मधल्या पायऱ्या गायब. सर सांगतात, "घुगे, मी मनाशी म्हनलं, पायऱ्या पोराच्या डोक्यात असतील की. पेन कागदाला टेकला होता."

त्याच वेळी सुमनकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन दाराशी आल्या. गणित त्यांना येत नव्हतं. पण अक्षर लेकराचं आहे आणि पेन गुणांपाशी अडून बसला आहे, एवढं त्यांना दारातूनही ओळखू आलं. आणि काकू खाकरल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या खाकरण्यावर पदर सावरत आलेली ती बाई त्या दिवशी स्वतःच्या घराच्या दारात खाकरली. सरांनी पेनला टोपण लावलं. काकूंनी चहा ठेवला आणि आत गेल्या.

मी काकूंना याबद्दल एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मी काय बोलनार? माझंच लेकरू. तोंड उघडलं असतं तर 'द्या' म्हनले असते. म्हनून खाकरले."

दुसऱ्या दिवशी सर नांदेडला आले. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वडिलांचं दुखणं वाढलं होतं, ते झोपले होते आणि मी खाटेच्या कडेला बसून एकटाच रडत होतो. हिरव्या पडद्याच्या पलीकडे ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. मी घाईघाईने डोळे पुसले, नाक पुसलं, सरळ बसलो. सर तेवढा वेळ पडद्याबाहेर थांबले होते. आत आल्यावर माझ्या लाल डोळ्यांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. मला त्या घडीला ती रीत जेवढी कळली, तेवढी आधी कधीच कळली नव्हती.

जरा वेळाने त्यांनी पिशवीतून एक पेपर काढला. "एवढा एक तुमी तपासा," म्हणाले आणि पाणी आणायला बाहेर गेले. पेपर मिलिंदचा होता. मी तपासला. दोन गुण कमी! माझ्या बापासाठी धावून आलेल्या माणसाचं पोरगं, आणि दोन गुणांसाठी अडणार? माझं मन मागेपुढे पाहायलाच तयार नव्हतं. पेन हातात होता. तेवढ्यात पडद्यामागे अगदी हळू, जड आवाजात सर खाकरले.

मी होते तेवढेच गुण लिहिले. सरांनी पेपर पिशवीत ठेवला, बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, उठवून बसवलं आणि आणलेली मऊ खिचडी आपल्या हाताने चमच्या-चमच्याने भरवली.

मिलिंदची नोकरी हातची गेली. तो बापाशी बोलेनासा झाला, जेवायलाही त्यांच्यानंतर बसायचा. काकू सांगतात, सर रोज संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दाराशी जायचे, खाकरायचे, थांबायचे आणि आतून काही आवाज आला नाही की परत फिरायचे. असे कितीतरी दिवस गेले. मग एके दिवशी आतून आवाज आला, "या." बापलेकांनी तेच गणित घेतलं आणि पायऱ्यांसकट सोडवलं. पुढच्या खेपेला मिलिंद पास झाला. बँक काही परत आली नाही. आज वारंगा फाट्यावर त्याचं ठिबक सिंचनाचं दुकान आहे, चांगलं चालतं, आणि या ग्रंथासाठी माझ्या मागे तगादा लावणाराही तोच.

लेख लिहून झाला तेव्हा तो वाचून दाखवायला मी सरांकडे गेलो. गेल्या वर्षीच्या दुखण्यानंतर सरांचा आवाज बसला आहे. ते पुटपुटतात, काकू आपल्याला समजावून सांगतात. मी मोठ्या थाटात वाचत होतो. एका ठिकाणी मी लिहिलं होतं, "सरांच्या या उपक्रमाने आमच्या महाविद्यालयातून कॉपी कायमची हद्दपार झाली." सरांनी मान वर केली. खाकरायला गेले, पण घशातून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला.

तेवढ्यात मागे दारातून कुणीतरी खणखणीत खाकरलं. मिलिंद दुकानातून परतला होता. माझं वाचन ऐकत उंबऱ्याबाहेर उभा होता, थांबला होता, बापासारखाच. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी खिशातून पेन काढला आणि ते वाक्य खोडलं. आता तिथे खरं लिहितो. कॉपी कमी झाली, संपली नाही. छापलेल्या शपथेने काडीचा फरक पडला नाही, पोरांनी स्वतः दिलेल्या शब्दाने पडला. जिथे एकमेकांसाठी खाकरणारी माणसं होती तिथे पडला, आणि विद्यापीठाच्या परीक्षेला तीच पोरं भरारी पथकाच्या धाकात बसली की पुन्हा चिठ्ठ्या निघायच्या. एवढंच.

अशा लेखाच्या शेवटी ईश्वराकडे दीर्घायुष्य मागायची पद्धत आहे. सर बुद्धाला मानणारे, त्यांच्या वतीने मी आणखी कुणाकडे हात पसरलेला त्यांना रुचणार नाही. म्हणून मागणं त्यांनाच घालतो. सर, शंभरी पार करा. काकूंच्या हातची भाकरी गोड लागू दे, गुडघे साथ देऊ देत, आवाज परत येऊ दे. आमचा पेन अजून भलत्या ठिकाणी टेकतो. तुमचा आवाज येईपर्यंत दारात मिलिंद आहे.