सिकलचा रकाना

रक्त दिल्यावर आपण कापसाचा बोळा दाबून धरतो, थोड्या वेळाने तो टाकून देतो आणि कामाला लागतो. त्या रक्ताचं पुढे काय झालं, आपल्या नावापुढे कुणी काय लिहिलं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. मी तर रक्त घेणाऱ्यांच्या बाजूला होते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी धुळ्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि आमचे सर सिकलसेलवर संशोधन करत होते. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. तो आईबापांकडून मुलांत येतो. साक्री तालुक्यातल्या एका गावात नमुने घ्यायचे होते. सरांचा फॉर्म इंग्रजीत होता, त्यावरून मी भांडले. ज्यांचं रक्त, त्यांना वाचता येईल असाच कागद पाहिजे, असं माझं म्हणणं. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या वसाहतीत, आमच्या क्वार्टरमध्ये पुस्तकांपेक्षा पत्रकंच जास्त. वडील चळवळीतले; त्यांची पत्रकं वाचत मी अक्षरं शिकले आणि दहावीत जायच्या आधी पत्रकं छापायच्या स्टेन्सिल कापायला लागले. छापलेला मराठी कागद कधी कुणाचं वाईट करेल, असं मला वाटतच नव्हतं.

सर हसून म्हणाले, "कर बाई तुझ्या मराठीत."

मी केला. नाव, वय, गाव, आणि शेवटी निकालाचा रकाना. तो प्रयोगशाळेत भरायचा होता. 'सिकलसेल' हा शब्द त्यात मावेना, म्हणून मी नुसतं 'सिकल' लिहिलं.

गावात शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. फॉर्म भरायला गावातले एक निवृत्त मास्तर बसले. सगळे त्यांना नाना म्हणत. मी सुया आणि बाटल्या सांभाळत होते. त्यांना एवढंच म्हणाले, "नाना, सगळे रकाने भरा."

खानदेशात शिकलेल्याला 'शिकेल' म्हणतात. नानांनी 'सिकल' वाचलं आणि कॉलेजच्या पोरांचं शुद्धलेखन कच्चं म्हणून मान हलवली. मग एकेकाला विचारू लागले.

"शिकेल शे का?"

"मी?" एक म्हातारबा अंगठा वर करून म्हणाले. "मना हाऊ अंगठाच शिकेल शे!"

सगळे हसले. नानांनी 'नाही' लिहिलं. मागून एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आली.

"शिकेल शे का?"

"सातवी लोंग, नाना. तुम्हीच ते शिकाडं ना!"

नानांनी 'होय' लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात. शेवटी स्वतःचंही रक्त दिलं आणि स्वतःच्या नावापुढेही 'होय' लिहिलं. त्या दिवशी हे सगळं मी ऐकलं होतं. सुई धरलेल्या माणसाला ऐकू येतं तसं, अर्ध्या कानाने.

महिन्याभराने नाना कॉलेजच्या फाटकाशी उभे दिसले. टोपी हातात होती. मी हसत पुढे गेले, तर ते हसले नाहीत.

"पोरी, मना रगतमा काय शे?"

त्यांनी खिशातून एक कागद काढला. पंचायतीच्या भिंतीवर लावलेल्या यादीची त्यांनी हाताने केलेली नक्कल होती. वर लिहिलं होतं, 'सिकलसेल आढळलेल्या व्यक्ती'. मी नावं वाचत गेले. नाना. शाळेचे हेडमास्तर. पोस्टमन. ग्रामसेवक. दवाखान्यातला कंपाउंडर. आणि ती मुलगी.

"बठ्ठा शिकेल लोकेसनं रगत वाकडं?" नाना म्हणाले. "अडाणी तेवढा चांगला? असं कसं व्हई?"

मी प्रयोगशाळेत धावले आणि फॉर्म काढले. शेवटच्या रकान्यात नानांच्या वळणदार अक्षरात 'होय', 'नाही', 'होय'. आमच्या संशोधन सहायकाला रकाना भरलेला दिसला. तपासणी झाली असं धरून त्याने यादी टाइप केली आणि टपालाने पंचायतीला पाठवली. बाटल्या फडताळात तशाच होत्या, खराब झालेल्या. एकही नमुना कुणी पाहिला नव्हता.

नाना दारातच उभे होते. खालच्या आवाजात म्हणाले, "मनं काय, मी म्हातारा शे. पन त्या पोरनं लगीन ठरेल व्हतं. सोयरा पंचायतमा उना, कागद वाचा, आनि निंघी गया."

सर ऐकून पांढरे पडले, मग सावरले. "रजिस्टरमध्ये दुरुस्ती करू. गाजावाजा नको."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने त्या गावाला गेले. मुलीच्या आईने मला घरात घेतलं नाही. ओट्यावरच मुलीने हात पुढे केला. मी रक्त घेतलं. परतीच्या गाडीत बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरली होती आणि एकच विचार डोकं खात होता. यादी चुकीची होती, पण म्हणून तिचं रक्त चांगलंच असेल असं कुठे होतं? त्या पट्ट्यात हा आजार दुर्मीळ नव्हता. आमचं खोटं खरं निघालं तर?

प्रयोगशाळेत काचेवर थेंब घेतला, त्यात रसायन मिसळलं, वर पातळ काच ठेवून कडा बंद केल्या. आता थांबायचं. पेशी वाकायच्या असतील तर वेळ घेऊन वाकतात. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोल. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, गोल. एका कोपऱ्यात एक पेशी लांबट दिसली. काच सरकवली तर ती कडेवर उभी राहिलेली गोल पेशीच होती. पुढच्या प्रत्येक वेळी डोळा लावायच्या आधी मला तिथून पळून जावंसं वाटायचं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गोल होत्या.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. चूक आमची, खुलासा जाहीर, आणि खाली तिच्या नावानिशी ठळक ओळ: 'ती पूर्णपणे निर्दोष आहे.' गावात घरोघर, तिच्या सोयऱ्याच्या गावातही वाटायचं ठरवून मी स्टेन्सिलसुद्धा कापली. वाटण्याआधी तिला वाचून दाखवावं म्हणून पुन्हा गेले.

ती गोठ्याशी शेण भरत होती. हात न धुताच तिने ऐकलं.

"निर्दोष?" ती म्हणाली. "मी काय चोरी करेल व्हती का, अक्का?"

मी पत्रकाची घडी घातली.

"आनि रगतमा ते निंघतं, मंग? मंग मी दोषी?"

आजही मला त्या ओळीची लाज वाटते. भिंतीवर यादी लावणाऱ्याने जे केलं, तेच मी जास्त मोठ्या अक्षरात करायला निघाले होते.

"मनं नाव आखो लिखू नको," ती म्हणाली. "तो कागद काढ फक्त. मी रोज त्यान्हा समोरथून पानीले जास."

ती हंडा घेऊन निघाली, मी तिच्यामागे पंचायतीपाशी गेले. यादी अजून तिथेच होती. खरोखर, कुणीही काढली नव्हती. यादीत नाव असलेल्या ग्रामसेवकाने सुद्धा नाही. वरून आलेला कागद काढायला तोही भीत होता. मीही भ्याले, कारण सरांनी गाजावाजा नको म्हटलं होतं आणि माझी परीक्षा त्यांच्याच हातात होती. तिने हंड्यातलं पाणी कागदावर ओतलं. तो भिजल्यावर आम्ही दोघींनी नखांनी खरवडला. समोरच्या पारावरची माणसं बघत होती. खळ घट्ट होती, शेवटचा तुकडा निघेपर्यंत माझ्या नखातून रक्त आलं.

ते लग्न जुळलं नाही. यादी चुकीची होती असा निरोप पाठवला, नाना स्वतः जाऊन आले, पण सोयऱ्याचं एकच उत्तर होतं: उगाच कुणी लिहितं का? पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही. विचारायला जायचं धैर्य झालं नाही.

नमुने घेणं थांबवा, असं मी म्हणत नाही. हा आजार शोधलाच पाहिजे. नाहीतर पोरं दुखण्याचं नाव न कळता मरतात. पण निकाल ज्याचा त्याच्या हातात द्यायचा असतो. तुमच्या कॉलेजच्या, दवाखान्याच्या, पंचायतीच्या भिंतीवर माणसांची नावं आणि त्यांचे आजार लिहिलेला कागद असेल, तर आज तिथे जा. कागद खरा आहे की खोटा, ते तपासत बसू नका. लावणाऱ्याला तुमच्या डोळ्यांसमोर तो काढायला लावा.